समुद्री टँकसाठी पाणी कोणतं घ्यावं?

*पत्र:* माझ्याकडे आठ महिन्यांपासून 200 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. दोन क्लाउनफिश, सहा-सात गोगलगायी, एक क्लीनर श्रिम्प आणि थोडे मऊ कोरल आहेत. सुरुवातीला टॉप-अपला, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर करायला, नळाचं पाणी घालायचो, त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) 280 आहे. गेले तीन महिने घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी घालतोय, ते 60 दाखवतं. तरी काचेवर तपकिरी थर येतोच. पुसला की दोन दिवसांत परत. एक मित्र म्हणतो, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आण. दुसरा म्हणतो, एसीचं पाणी बादलीत धर, ते डिस्टिल्डच असतं आणि फुकट मिळतं. मीटर बुडवून पाहिला तर एसीचं पाणी 14 निघालं, म्हणजे आमच्या आरओपेक्षा कितीतरी चांगलं! काही जण आरओ-डीआय (आरओच्या पुढे उरलेले क्षार पकडणारं रेझिन जोडलेलं मशीन) घ्या म्हणतात, पण त्यात पाणी फार वाया जातं असं ऐकलंय. आणि मुळात जे पाणी आम्ही पितो ते माशांना का चालू नये? — एक गोंधळलेला टँकवाला

*उत्तर:*

आधी एसीच्या पाण्याचं बोलतो, कारण ते घाईचं आहे. अजून टँकमध्ये घातलं नसेल तर घालू नका. घातलं असेल तर आजपासून बंद.

तुमच्या मित्राचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. हवेतली वाफ गार पृष्ठभागावर जमून खाली ठिबकते, म्हणजे ते ऊर्ध्वपातनच झालं. पण ती ठिबकते कशावरून? बहुतेक एसींच्या आत तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांच्यावर खोलीतली धूळ बसते, खालच्या ट्रेमध्ये बुळबुळीत थर साचतो, आणि त्या सगळ्यावरून ओघळत पाणी तुमच्या बादलीत येतं. यातलं तांबं सगळ्यात वाईट. समुद्री माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात, तेव्हा पाण्यात तांब्याचं प्रमाण लिटरला साधारण 0.15 ते 0.2 मिलिग्रॅम ठेवतात. मासे तेवढं सोसतात. गोगलगायी, श्रिम्प, कोरल सोसत नाहीत, म्हणूनच तो उपचार वेगळ्या टँकमध्ये करायचा असतो.

आता तुमचा मीटर हातात घ्या. तो 0, 1, 2 असे पूर्ण आकडे दाखवतो. लिटरला 0.2 मिलिग्रॅम तांबं असलं तरी त्याच्या आकड्याला काही फरक पडत नाही. तेव्हा 14 वर खूश होऊ नका. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एक अंदाजी आकडा दाखवतो. पाण्यात काय आहे हे त्याला कळत नाही. तुमच्या नळाच्या 280 मध्ये बहुतेक भाग निरुपद्रवी कॅल्शियम-बायकार्बोनेटचा असू शकतो आणि एसीच्या 14 मध्ये तांबं असू शकतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या साठवणीच्या पिंपाची प्लॅस्टिकची तोटी सारखी गळायची. एका रविवारी वैतागून ती काढली आणि पितळेची भक्कम तोटी बसवली. गळती थांबली, मी खूश. पाच-सहा आठवड्यांनी गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडायला लागल्या. उलट्या पडायच्या, पाय बाहेर लोंबकळत. बोट लावलं तरी आत ओढून घ्यायच्या नाहीत. मी सरळ करून ठेवायचो, सकाळी परत उलट्या. मासे मात्र ठणठणीत, त्यामुळे मला पाण्याचा संशयच आला नाही. शेवटी एकदा तोटी उघडताना तिच्या तोंडाशी निळसर-हिरवी कड दिसली. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. क्षार काढून घेतलेलं पाणी भुकेलेलं असतं, जे मिळेल ते विरघळवून घेतं. रात्रभर तोटीत थांबलेलं पाणी रोज सकाळी सगळ्यात आधी माझ्याच टँकमध्ये जात होतं. तेव्हापासून माझ्याकडे पाण्याच्या वाटेवर धातूचा एक नट नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न: पिण्याचं पाणी माशांना का चालू नये?

पाणी तुमच्या शरीरात राहत नाही, येतं आणि जातं. टँकमध्ये मात्र फक्त पाणीच उडून जातं. त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं, आणि तुम्ही वरून परत तसंच पाणी ओतता. 200 लिटरच्या उघड्या टँकमधून दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडतं. तुमच्या नळाच्या पाण्यात लिटरला 280 मिलिग्रॅम क्षार धरले तर रोज 560 मिलिग्रॅम आत गेले. वर्षभरात 200 ग्रॅमच्या वर. एवढी पूड कुणी तुमच्या हातात देऊन ‘टँकमध्ये टाका’ म्हणालं तर तुम्ही आधी विचाराल, ही कसली? पाण्यात विरघळून येते म्हणून तो प्रश्न सुचत नाही. घरच्या आरओच्या 60 नं हेच गणित वर्षाला 44 ग्रॅमच्या आसपास जातं. कमी झालं, थांबलं नाही.

यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं मला फार भय वाटत नाही. त्यांच्यासोबत जे थोडंथोडं येतं ते त्रास देतं: सिलिकेट, फॉस्फेट, नायट्रेट. तुमचा तपकिरी थर डायॅटमचा असावा असं वर्णनावरून वाटतं. हे एकपेशीय जीव स्वतःभोवती सिलिकाची पेटी बांधतात, त्यामुळे सिलिकेट मिळेपर्यंत ते वाढतच राहतात. समजा नळाच्या पाण्यात लिटरला 10 मिलिग्रॅम सिलिका आहे. रोज दोन लिटर म्हणजे 20 मिलिग्रॅम, 200 लिटरच्या टँकमध्ये महिन्याला 3 मिलिग्रॅम प्रति लिटर. काच कितीही घासा, खुराक चालूच आहे. नवीन टँकला पहिल्या काही आठवड्यांत हा थर येतोच, त्याची काळजी करायची नसते. पण आठ महिन्यांचा टँक दोन दिवसांत तपकिरी होत असेल तर मी आधी पाण्याकडे बघीन. एक मात्र सांगून ठेवतो, फॉस्फेट माशांच्या खाद्यातूनही येतं. ते जास्त पडत असेल तर जगातलं सगळ्यात शुद्ध पाणी आणूनही हिरवं शेवाळ हटणार नाही.

आणखी एक कारण आहे, ते मला जास्त पटतं. 1872 ते 1876 या काळात चॅलेंजर नावाच्या जहाजानं जगभरचे समुद्र पालथे घातले. त्या सफरीतले पाण्याचे 77 नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं तपासले आणि 1884 मध्ये निष्कर्ष छापले. खारेपणा जागेनुसार कमी-जास्त असतो, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे तेच राहतं. तुमच्या समुद्री मिठाच्या पुड्यात हेच प्रमाण तयार करून दिलेलं असतं: 35 खारेपणाला (हजार भागांत 35 भाग क्षार) लिटरला कॅल्शियम चारशे मिलिग्रॅमच्या थोडं वर, मॅग्नेशियम तेराशेच्या जवळ. ही पाककृती बनवणाऱ्यानं पाणी कोरं धरलेलं असतं. तुमचं पाणी आधीच अर्धवट खारट-जड असेल तर पुड्यावरच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

तर हवं आहे कोरं पाणी. ते कुठून आणायचं?

घरच्या पिण्याच्या आरओत मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, चांगलंच असतं. घोळ पुढे होतो. मेम्ब्रेनमधून निघालेलं पाणी चवीला बेचव लागतं, म्हणून अशा मशिनांत बहुधा टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो थोडं न गाळलेलं पाणी मुद्दाम परत मिसळतो. काहींत खनिजांची नळकांडी जोडलेली असते. तुमचे 60 बहुतेक तिथूनच आलेत. यूव्हीचा दिवा जंतू मारतो, विरघळलेल्या क्षारांना हातही लावत नाही. मिसळलेल्या त्या थोड्या पाण्यासोबत सिलिकेट आणि फॉस्फेट आरामात आत येतात, म्हणून तीन महिने हे पाणी घालूनही तुमचा थर गेला नाही.

याच मशिनचा उपयोग करायचा असेल तर मेम्ब्रेनच्या लगेच पुढे, कंट्रोलर आणि खनिजांच्या आधी, एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवून वेगळी नळी काढता येते आणि तिला डीआयची, म्हणजे क्षार पकडणाऱ्या रेझिनच्या दाण्यांची, नळकांडी जोडता येते. काम होतं. पण मला ही जोडणी फारशी आवडत नाही, आणि त्याचं कारण तुम्ही स्वतः पाहू शकता. मशीन रात्रभर बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचं पाणी हळूहळू एकमेकांशी जुळवून घेतं. सकाळी मशीन सुरू करा आणि मेम्ब्रेनच्या नळीखाली पेला धरून मीटर बुडवा. पहिल्या पेल्यात 50-60 दिसेल. दुसऱ्यात 30. चार-पाच मिनिटांनी 8, मग 6 वर स्थिरावेल. घरचं मशीन दिवसभर असंच चालू-बंद होतं, कुणी पाणी घेतलं की दोन मिनिटं चालतं आणि थांबतं. म्हणजे जवळजवळ सगळं पाणी त्या पहिल्या पेल्यातलं. तुमच्या डीआय रेझिनचा त्यात लवकर फडशा पडेल.

म्हणून माझा कौल टँकसाठी वेगळ्या आरओ-डीआयला. त्यात आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर असतो, मग कार्बन, मग मेम्ब्रेन आणि शेवटी रेझिन. कार्बनकडे दुर्लक्ष करू नका. या पातळ थराच्या मेम्ब्रेनला क्लोरीन खाऊन टाकतं, आणि क्लोरीन अडवायचं काम कार्बनचं. साधारण सहा महिन्यांनी हे दोन्ही फिल्टर बदला, पाणी गढूळ असेल तर आधीच. कार्बननंतरच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते साध्या टेस्ट किटनं अधूनमधून बघत जा. टीडीएस मीटरला क्लोरीन कळत नाही. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरत असतील तर कार्बन त्याला तोडतं आणि मागे अमोनिया उरतो, तो पकडायला पुढे रेझिन लागतंच. नुसत्या आरओवर थांबू नका असं मी सांगतो त्याचं हे एक कारण.

मेम्ब्रेन 95 ते 98 टक्के क्षार अडवतं. 280 चं पाणी आत गेलं तर 6 ते 14 बाहेर यायला हवं. सतत त्याच्या वर येत असेल तर दाब बघा. मेम्ब्रेनला 50-60 पीएसआय दाब लागतो. 40 च्या खाली पाणीही कमी मिळतं आणि गाळणंही ढिलं होतं, तिथे बूस्टर पंप लावावा लागतो. थंडीत पाणी हळू येतं, ते नेहमीचं आहे. नवीन मेम्ब्रेनचं पहिल्या तासाभराचं पाणी फेकून द्या, त्यात ते टिकवायला घातलेलं द्रव्य असतं. आणि रोज-रोज थोडं पाणी काढू नका. रेझिनच्या आधी एक छोटा व्हॉल्व्ह लावून घ्या, पहिली पाच मिनिटं पाणी तिथूनच बाहेर सोडा, 6-7 दिसलं की रेझिनकडे वळवा. एवढ्या एका सवयीनं रेझिन कितीतरी जास्त टिकतं.

‘नुसतं रेझिन लावलं तर? मग पाणीही वाया जाणार नाही.’ हा प्रश्न पुढच्या पत्रात येईलच. लावता येतं. पण 280 चं पाणी थेट रेझिनवर सोडलं तर ते 6 च्या पाण्याच्या तुलनेत साधारण 45 पट लवकर संपेल. आणि संपत आलेलं रेझिन वाईट वागतं. सिलिका त्याने ढिल्या हातानं धरलेली असते, ती सगळ्यात आधी सोडून देतं, मीटर अजून 0 दाखवत असतानाच. रंग बदलणारं रेझिन घेतलंत तर रंग तीन-चतुर्थांश उंचीपर्यंत चढला की बदलून टाका. मीटरवर 1 दिसायची वाट पाहू नका.

वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन-चार लिटर बाहेर पडतं. पण ते गटारातच गेलं पाहिजे असं कुणी सांगितलंय? हिशेब केला तर ते तुमच्या नळाच्या पाण्यापेक्षा थोडंसंच जड असतं, 280 चं 370 च्या आसपास होतं. फरशी, कपडे, फ्लश, झाडं, सगळ्याला चालतं. माझी बाहेरची नळी सरळ कपडे धुवायच्या टबात जाते. पाणी वाचवायला म्हणून मागची नळी आवळू मात्र नका, क्षार मेम्ब्रेनवरच बसतील. आणि तुम्हाला पाणी लागतं तरी किती? आठवड्याला टॉप-अपचं 14 लिटर आणि वॉटर चेंजचं, म्हणजे थोडं जुनं पाणी काढून नवं घालायचं, 20, मिळून 34. 75 जीपीडीचं (दिवसाला 75 गॅलन देणारं) मेम्ब्रेन पुरा दाब असेल तर तासाला जवळपास 12 लिटर देतं. म्हणजे आठवड्यातून एकदा तीन तास.

डिस्टिल्डचे कॅन वाईट नाहीत. 20-30 लिटरचा छोटा टँक असता तर मी तुम्हाला तेच सांगितलं असतं, कशाला मशीन बसवता? पण आठवड्याला 34 लिटर म्हणजे 34 किलो, दर आठवड्याला, कायम. महिनाभर उत्साह टिकतो. मग एखाद्या आठवड्यात कंटाळा येतो आणि ‘आजच्या दिवस नळाचं’ सुरू होतं. घ्यायचेच असतील तर सीलबंद घ्या, प्रत्येक कॅन मीटरनं तपासा, 0 किंवा 1 च्या वर असेल तर परत करा. बॅटरीसाठी विकतात ते पाणी बहुधा डीआयच असतं, पण त्याची हमी बॅटरीपुरती असते. सुट्या, परत-परत भरलेल्या कॅनमध्ये आधी काय होतं कुणास ठाऊक. अडचणीच्या वेळी एकदा, त्यापेक्षा जास्त नाही. बाटलीबंद पिण्याच्या पाण्यात खनिजं असतातच, बऱ्याचदा मुद्दाम घातलेली. ते सोडून द्या. उकळून काही साधत नाही, उलट क्षार घट्ट होतात. पावसाचं पाणी मोहात पाडतं, पण छपरावरची धूळ, पक्ष्यांची शीट आणि पत्र्याचं जस्त घेऊन येतं.

पाणी साठवायला खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेलं प्लॅस्टिकचं पिंप घ्या, झाकण घट्ट ठेवा. तोटीबद्दल वर सांगितलंच आहे. या पाण्याचा पीएच मोजत बसू नका. 6 च्या आसपास काहीतरी दाखवेल आणि तुम्ही घाबराल. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा विरघळलेला असतो आणि त्याला आवरायला क्षार नसतात, एवढंच. टँकमध्ये पडलं की टँकचा पीएच चालतो. वॉटर चेंजसाठी पिंपात आधी पाणी, मग पंप सुरू, मग त्यात हळूहळू मीठ. उलटं केलंत तर कॅल्शियमचा पांढरा साका तळाला बसतो आणि तो परत विरघळत नाही.

नवीन पाणी मिळायला लागल्यावर सगळा टँक एकदम उपसू नका. आठवड्याला 10 टक्के बदलत राहा. दहा आठवड्यांनी जुनं पाणी साधारण 35 टक्के उरेल. तपकिरी थर त्याच्या बराच आधी विरळ व्हायला हवा. तीन महिन्यांतही तसाच राहिला तर रेझिनमधून येणाऱ्या पाण्याची सिलिकेट टेस्ट करा आणि मला आकडा कळवा.

आणि पहिला कॅन भरायच्या आधी टँकची केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, अंशांत) मोजून वहीत लिहून ठेवा. तुमचं जड पाणी इतके दिवस गुपचूप थोडी केएच पुरवत होतं. ती रसद आता बंद होईल आणि आकडा हळूहळू उतरेल. असं झालं की लोक नव्या फिल्टरवर खापर फोडतात आणि परत नळाकडे जातात. पहिले दोन महिने दर आठवड्याला मोजा. 8 च्या खाली जायला लागली तर बफर (केएच वाढवणारं द्रव्य) घालून ती वर आणा, पण दिवसाला एकापेक्षा जास्त अंशानं चढवू नका.